ज्याचा नंबर, तोच गायब

१

ऐन गर्दीच्या वेळी अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममधले सगळे स्क्रीन एकदम गोठले.

हे काही पहिल्यांदा होत नव्हतं. पण आज फोनवाल्या ताईंच्या कानात एक माणूस जिवाच्या आकांताने ओरडत होता, "बायकोला श्वास घेता येत नाहीये हो, गाडी पाठवा!" ताईंनी पत्ता टाकला, बटण दाबलं, आणि स्क्रीन आपला ढिम्म. पुन्हा दाबलं. ढिम्म. शेवटी ताईंनी खिडकी उघडली आणि खाली चहा पीत उभ्या असलेल्या ड्रायव्हरच्या नावाने अशी बोंब ठोकली, की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात धावत आले. गाडी पळाली. बाई वाचली. मग स्क्रीन शुद्धीवर आले, जसं काही झालंच नव्हतं.

"माणसं काय ताईंच्या घशाच्या भरवशावर वाचवायची?" मोठे साहेब कडाडले. या सगळ्या कारभाराचे ते प्रमुख, आणि आज त्यांचा पारा भलताच चढला होता.

खरं तर गुन्हेगार शोधायची गरजच नाही, असं सगळ्यांचं मत होतं. कॉम्प्युटरच्या पोटात एक मुख्य कारभारी बसलेला असतो, त्याला कर्नल म्हणतात. प्रोसेसर म्हणजे राबणारे हात, आणि त्यांना कामं वाटून देतो तो कर्नल. या कर्नलमध्ये एक पहारेकरीही असतो. एखादा प्रोसेसर फार वेळ हूं की चूं करेनासा झाला, की पहारेकरी लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, लिहून ठेवतो, हा गडी अमक्या जागी अडकलाय. आणि प्रत्येक वेळी पहारेकऱ्याने एकच जागा लिहिली होती, रांगेचं कुलूप.

ते कुलूप लिहिणारी इंजिनिअर मुलगी टीममध्ये नवीन होती. ऑफिसात तिला सगळे कुलूपवालीच म्हणायचे.

"पाच वाजता मीटिंग," साहेबांनी फर्मान काढलं. "कुलूप काढायचं, जुनं बसवायचं, आणि त्या मॅडमना कर्नलच्या टीममधून हलवायचं. त्याआधी कुणाला दुसरं काही सिद्ध करायचं असेल तर करा. जबानीबाईंना बोलवा."

आता या जबानीबाई म्हणजे एक प्रकरणच होतं. पन्नाशी उलटलेली, चष्मा कायम केसांत खोवलेला, आणि आपल्या कामाचा असा तोरा की विचारू नका. मशीन बिघडलं की इतर लोक आधी मशीन उघडतात. या आधी माणसांच्या जबान्या घ्यायच्या, म्हणून नाव पडलं जबानीबाई. कर्नलचा रोग ओळखण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय, असं त्या चारचौघांत बिनदिक्कत म्हणायच्या. गंमत अशी, की ते खरं होतं.

"पाच वाजेपर्यंत?" बाई म्हणाल्या. "बरं. पण चहा मशीनचा नको, माणसाने केलेला पाहिजे."

२

कुलूपवाली आपल्या टेबलाशी ताठ बसली होती. डोळे लाल होते, पण मान खाली नव्हती. बाईंना ते आवडलं.

"हे बघ, मला कर्नल येतो," बाईंनी खुर्ची ओढली. "तरी मला काहीच येत नाही असं समजून सांग. तुझं कुलूप करतं काय?"

"सगळ्या प्रोसेसरांना एकच यादी लागते, कुठली गाडी कुठे आहे त्याची. एका वेळी एकानेच तिला हात लावायचा, म्हणून कुलूप. जुन्या कुलपात नुसती धक्काबुक्की होती. किल्ली खाली आली, की जो झडप घालेल त्याची. एकदा एका आजोबांचा फोन असाच मागे पडत राहिला. प्रत्येक वेळी दुसराच कुणीतरी झडप घालायचा."

"आजोबा?"

"वाचले. पण नशिबाने वाचले, आमच्यामुळे नाही." तिचा आवाज जरा चढला. "म्हणून मी रांग केली. आलास, टोकन घे, आपला नंबर येईल तेव्हाच आत जा. माझ्या रांगेत कुणी मागे राहत नाही, बाई. काढा हवं तर, पण एवढं लक्षात ठेवून काढा."

"मग अडकतं का?"

"माहीत नाही!" तिने टेबलाखालच्या धुळकट डब्यावर हात ठेवला. "या माझ्या खऱ्या मशीनवर मी हवा तेवढा भार टाकलाय. एकदाही अडकलं नाही. खाली हॉलमध्ये गेलं की अडकतं. लोक म्हणतात, घरात शहाणं आणि बाहेर खोडकर."

"लोकांना म्हणायला काय जातंय," बाई म्हणाल्या आणि उठल्या. ही मुलगी खोटं बोलत नव्हती, याची त्यांना खात्री पटली. पण खात्रीवर साहेब थोडेच ऐकणार होते? मीटिंगला पुरावा लागतो.

त्यांनी पहारेकऱ्याची जबानी, म्हणजे तो लॉग, स्क्रीनवर उघडला. वरपासून खालपर्यंत वाचला. चष्मा केसांतून काढून नाकावर घेतला आणि पुन्हा वाचला.

एक साक्षीदार कमी होता.

३

कंट्रोल रूमच्या मशीनला सोळा प्रोसेसर होते. स्टॉल झाला, म्हणजे ते गोठलं, की पहारेकरी सोळाही जणांना हाक मारतो, कुठे आहेस? बहुतेक सगळे एकच सांगत होते, रांगेत उभा आहे, नंबरची वाट बघतोय. पण दर वेळी कुणीतरी एक उत्तरच देत नव्हता. चूक नाही, तक्रार नाही, नुसती शांतता. आणि हा गप्प राहणारा दर वेळी निराळा. आज सातवा, मागच्या खेपेला अकरावा, त्याआधी दुसरा.

"आणि टोकन बघ," बाईंनी कुलूपवालीला बोलावून दाखवलं. "आतला एक काम संपवून गेलाय. पुढचा नंबर पुकारलाय. तो नंबर कुणाचा?"

मुलीने बोट फिरवलं. "सातव्याचा. म्हणजे जो गप्प आहे त्याचाच!"

"मागच्या खेपेला?"

"अकराव्याचा. बाई, ज्याचा नंबर लागतो, तोच गायब होतो?"

"कुलूप खराब असतं, तर रांगेतल्या कुणालाच नंबर मिळाला नसता. तुझ्या कुलपाने नंबर बरोबर पुकारलाय. ज्याला पुकारला तो खोलीत नाही. पहारेकऱ्याने नावं लिहिली ती बिचाऱ्या वाट बघणाऱ्यांची, कारण हाकेला तेवढ्यांनीच ओ दिली."

मुलीच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. बाई मात्र तेवढ्यावर खूश होणाऱ्यांतल्या नव्हत्या. माणूस गायब झाला, ठीक. त्याला नेला कुणी?

त्या तडक फोनवाल्या ताईंकडे गेल्या. ताईंचा घसा अजून बसलेलाच होता.

"सुरुवातीला नुसतं अडखळायचं," ताई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "तक्रार केली. पुढच्या आठवड्यात जास्त अडखळायला लागलं. परत तक्रार केली, तर अजून जास्त! मी म्हटलं, बाई गं, आपण तोंड बंद ठेवलेलंच बरं."

"थांबा. तक्रार केली की वाढतं?"

"दर वेळी. कुणीतरी मुद्दाम सूड उगवतंय असं वाटतं हो मला."

"तक्रार जाते कुणाकुणाकडे?"

"साहेबांकडे, कुलूपवालीकडे, आणि खाली मशीनच्या हॉलमध्ये."

बाई जिन्याने खाली निघाल्या. लिफ्टची वाट बघायचंही त्यांना सुचलं नाही. कुणीतरी ती तक्रार वाचून, प्रत्येक वेळी, काहीतरी करत होतं.

४

हॉलच्या दाराशीच बॅकअपवाला भेटला. सगळ्या माहितीच्या प्रती काढून ठेवणारा हा गृहस्थ, आणि स्वभावाने भलताच भित्रा.

"मी नाही केलं!" बाईंना बघताच तो म्हणाला.

"अरे, मी अजून काही विचारलंसुद्धा नाही."

"सगळे मलाच विचारतात. बॅकअप चालू असताना मशीन दमतं, मान्य. पण आज सकाळी माझा बॅकअप बंद होता. बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं, मी आलोच दुपारी. गेटवर विचारा."

बाईंनी गेटवर विचारलं. खरंच दुपारी आला होता. एक संशयित गळाला.

उरले हॉलसाहेब. हॉलमधल्या प्रत्येक मशीनचे मालक असल्यासारखे वागणारे, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे, कमी बोलणारे. या हॉलमध्ये एका खऱ्या मशीनचे अनेक काल्पनिक भाग केलेले होते. प्रत्येक भागाला सांगितलेलं, की बाबा रे, तूच खरं मशीन. व्हर्च्युअल मशीन म्हणतात ते हेच. त्या बिचाऱ्याला आपल्याला शेजारी आहेत याचाही पत्ता नसतो. खरे प्रोसेसर कुणाला कधी द्यायचे, हे सगळं हॉलसाहेबांच्या हातात.

"अँब्युलन्सच्या मशीनबद्दल विचारायचंय," बाई म्हणाल्या.

"त्या मशीनला माझ्याकडून कधी काही कमी पडलेलं नाही." हॉलसाहेबांनी खिशातला रुमाल काढून कपाटाच्या काचेवरची नसलेली धूळ पुसली. "बाकीच्यांनी कुरकुर केली तरी पडू दिलेलं नाही. एवढं लक्षात ठेवा."

"त्याच्या शेजारी एक जुळं मशीन आहे ना? राखीव?"

"आहे. हे बंद पडलं तर ते लावायचं. त्यातही तेच कुलूप आहे, सगळं तेच. फक्त प्रोसेसर चार, सगळ्यांना देतो तेवढेच."

"ते अडकतं?"

"त्याला काम कुठे आहे अडकायला? नुसतं बसून असतं."

"आणि कुलूपवाल्या मॅडमच्या कामाबद्दल तुमचं मत काय?"

हॉलसाहेबांचा रुमाल थांबला. "मला मत नाही. त्या वरच्या मजल्यावर काम करतात, मी खाली. आमचं बोलणं नसतं."

सरळ, कोरडी, बिनखोट जबानी. बाईंनी मान डोलावली आणि निघाल्या. दार बंद होणार, तेवढ्यात मागून आवाज आला. मघाचा नव्हे, अगदी वेगळा.

"बाई, ती जेवली का हो?"

५

"हॉलसाहेब तुझे कोण लागतात?" बाईंनी वर जाऊन पहिला प्रश्न टाकला.

कुलूपवालीने इकडेतिकडे पाहिलं. "कुणी सांगितलं?"

"ज्याच्याशी बोलणं नसतं, त्याच्या जेवणाची चौकशी कुणी करत नाही."

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा आहेत माझे. इथे कुणालाच माहीत नाही, बहुतेक साहेबांनाही नाही. पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये मी त्यांना सांगितलं, इथे मी तुमची कुणी नाही आणि तुम्ही माझे कुणी नाही. वशिल्याची पोरगी म्हणवून घ्यायचं नव्हतं मला. लिफ्टचं दार उघडलं की बाबा संपतात, हॉलसाहेब सुरू होतात."

"आणि घरी?"

"घरी ऑफिसचं अवाक्षर काढायचं नाही. तेही मीच ठरवलंय."

"म्हणजे तुझं कुलूप अडकतंय, हे तू त्यांच्याशी एकदाही बोलली नाहीस."

"नाही."

"त्यांनी तुला कधी शाबासकी दिली?"

"कशी देणार?" ती हसली, पण डोळे भरून आले. "मीच तोंड बंद करून ठेवलंय त्यांचं."

बाईंनी चष्मा पुन्हा केसांत खोवला. कोडं सुटलं होतं. गेली कित्येक वर्षं असं कोडं सुटलं की त्यांना शीळ घालावीशी वाटायची. आज वाटली नाही.

"बाई," मुलीने त्यांचा हात धरला. तीही कर्नलवालीच, चेहरा वाचायला तिला वेळ लागला नाही. "बाबांनी काही केलंय का? त्यांचं नाव येणार असेल, तर मला वाचवू नका. काढू देत ते कुलूप."

"आणि रांगेत मागे पडणारे आजोबा?"

मुलीने धरलेला हात सोडला. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजत आले होते.

६

मीटिंगला सगळे हजर होते. मोठे साहेब, घसा बसलेल्या ताई, घाम पुसणारा बॅकअपवाला, भिंतीकडे बघणारी कुलूपवाली, आणि दाराजवळ उभे हॉलसाहेब. बसायला सांगितलं तरी ते बसले नाहीत.

"कुलूप निर्दोष आहे," बाईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. "आणि मी म्हणते म्हणून नाही. बघा."

त्यांनी जुळं मशीन मोठ्या स्क्रीनवर लावलं. खालच्या त्याच खऱ्या मशीनवरचं, त्याच कुलपाचं. आज सकाळच्या सगळ्या फोनची नोंद त्यांनी त्याच्यावर सोडली. गाड्या नकाशावर सुसाट धावू लागल्या. सकाळी गोठलेला तो क्षण आला आणि गेला. काही अडकलं नाही.

"आता याला काम नव्हतं म्हणून अडकलं नाही, असं कुणी म्हणू नका. हॉलसाहेब, याला सोळा प्रोसेसर द्या. थोरल्या जुळ्याला आहेत तेवढे."

हॉलसाहेब कीबोर्डपाशी आले. बदल केला, मशीन पुन्हा सुरू केलं. फोन पुन्हा सुटले, गाड्या धावल्या, आणि भर नकाशात एकदम थिजल्या.

हॉलसाहेब स्क्रीनकडे बघत राहिले, मग आपल्या बोटांकडे.

"जास्त दिल्यावर बिघडलं?" साहेब पुढे वाकले. "हे कसं काय?"

"तुम्ही बँकेत गेलात, टोकन घेतलंत," बाई म्हणाल्या. "रांगेत सोळा माणसं आहेत, पण खुर्च्या चारच. म्हणून चौघांनी जागं राहायचं, बाकीच्यांना मागच्या खोलीत झोपवून ठेवायचं, आणि आलटून पालटून उठवायचं. सोळा प्रोसेसर कागदावर आहेत, साहेब. गर्दीच्या वेळी, शेजाऱ्यांचं वाटून झाल्यावर, खरे चारच हाती येतात. आता नंबर पुकारला सातचा. सात मागे झोपलाय. जागे आहेत त्यांना पुढे जाता येत नाही, कारण रांग शिस्तीची. आणि ते गप्पही बसत नाहीत, 'झालं का, झालं का' करत खुर्ची अडवून बसतात. बाकीचे आळीपाळीने उठून पहारेकऱ्याला 'वाट बघतोय' सांगतात, पण सातला खुर्ची मिळेपर्यंत सगळं थिजलेलं. सोळा जणांत हे रोज होणार. चार जणांना चार खुर्च्या असल्या, की झोपायचं कुणाला कारणच नाही."

"म्हणून माझ्या टेबलावर कधी अडकलं नाही!" कुलूपवाली नकळत बोलून गेली. "तिथे सगळेच खरे आहेत."

"जुनं धक्काबुक्कीचं कुलूप अडकत नव्हतं, कारण जो जागा असेल तो झडप घालायचा. झोपलेला राहिला मागे, तर राहिला. आणि ताई, तक्रार केली की वाढायचं, ते सूड म्हणून नाही. तक्रार आली की मशीनला आणखी प्रोसेसर मिळायचे, आणि झोपणारे वाढायचे."

ताईंनी कपाळावर हात मारला.

"द्यायचं कोण?" साहेबांनी विचारलं. "माझी सही तर कुठे नाही."

बाईंनी कागद सरळ केले. "स्टॉल का होतो ते शोधायला मला बोलावलं होतं, साहेब. ते मी शोधलं. हे त्यात बसत नाही."

 कुलूपवालीची नजर भिंतीवरून दाराकडे गेली.

"मी दिले," हॉलसाहेब म्हणाले.

"बाबा, नको," ती म्हणाली. आणि सगळ्या माना एकदम तिच्याकडे वळल्या.

"बोलू दे गं मला." हॉलसाहेबांनी वरचं बटण उघडलं, जणू त्यानेच इतके दिवस गळा धरला होता. "साहेब, ही माझी मुलगी. हिने हे कुलूप बसवलं तेव्हा मी ते ओळ न् ओळ वाचलं. इतकी वर्षं मशीनं सांभाळतोय, असं देखणं काम मी बघितलेलं नाही. पण शाबास म्हणायची सोय नव्हती. म्हटलं, तोंडाने नाही तर हाताने तरी देऊ. पहिल्याच दिवशी चाराचे आठ केले. तक्रार आली, वाटलं पोरीच्या मशीनला कमी पडतंय. बारा केले. मग सोळा. शेजाऱ्यांचा वाटा कापला नाही, नुसती कागदावर नावं वाढवली. मला वाटलं, मी तिला बळ देतोय." त्यांनी मुलीकडे पाहिलं. "आणि मीच तिच्या पायात पाय घालत होतो. काय शिक्षा द्यायची ती मला द्या. कुलपाला हात लावू नका."

साहेबांनी बराच वेळ टेबलावर पेन आपटलं. त्यांच्या मनात काय चाललंय, कुणालाच कळेना.

"मॅडम," शेवटी ते म्हणाले, "तुमचं कुलूप राहील. तुम्हीही राहाल. आणि हॉलसाहेब, यापुढे त्या मशीनचा एकही प्रोसेसर वाढवायचा असला, तर या मॅडमची सही घ्यायची. त्या नाही म्हणाल्या, तर नाही. हीच शिक्षा."

बॅकअपवाल्याला हसू आवरेना. हॉलसाहेब मात्र असे खुलले, की शिक्षा मिळालीय की बक्षीस, कळायला मार्ग नव्हता.

कुलूपवाली उठून वडिलांजवळ गेली. "बाबा, आधी जुळ्याचे पुन्हा चार करून ते लावा कामाला, मग थोरल्याचेही जास्तीचे बारा काढा. आत्ताच्या आत्ता."

"हो मॅडम," हॉलसाहेब म्हणाले, आणि त्यांनी काढले.

ताई पळत कंट्रोल रूममध्ये गेल्या. थोड्या वेळाने त्यांचा बसलेला घसा जिन्यातून वर आला, "चाललंय हो! पाण्यासारखं चाललंय!" बाईंनी आपला उरलेला चहा ऐटीत संपवला. माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय, असं त्या म्हणणारच होत्या, पण पोरीकडे बघून या खेपेला गप्प राहिल्या. कोण जाणे, जन्माला आलीही असेल.

ऑफिस सुटलं. लिफ्टमध्ये खच्चून गर्दी होती. साहेब होते, बॅकअपवाला होता, कोपऱ्यात बाई होत्या, आणि एकमेकांपासून दोन माणसं सोडून बापलेक उभे होते. रोजच्यासारखे, समोर दाराकडे बघत.

लिफ्ट खाली पोचायच्या आत हॉलसाहेब सगळ्यांदेखत, चांगले मोठ्याने म्हणाले, "जेवलीस का गं?"

"नाही बाबा," ती म्हणाली, आणि मधल्या माणसांना बाजूला सारून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. "चला, घरी जाऊन बरोबरच जेवू. कुलपाबद्दल बरंच सांगायचंय तुम्हाला."